सात फ्रेमची माया

व्हर्नाकडे दोन व्हीसीआर होते. एक तिचा,
दुसरा दिराचा, आठवडाभरासाठी म्हणून आणलेला,
अकरा वर्षं परत न गेलेला.
सॅगिनॉमधल्या तिच्या तळघरात, धुण्याच्या यंत्राशेजारी,
शनिवारी रात्री आम्ही तिघी बसायचो:
व्हर्ना कोशियुक, डॉटी लॅम्प्रेख्त आणि मी.
खिडकीच्या काचेला अर्ध्यापर्यंत बर्फ लागलेला.

मालिका तेरा भागांत बंद पडली होती.
एक अंतराळयान, पुठ्ठ्याचे तारे,
आणि रेडिओ सांभाळणारी ताव्हिया,
जिच्या वाट्याला लेखकांनी एकच वाक्य दिलं:
"संदेश आलाय, कप्तान."
पण तिसऱ्या भागात, कुणाचं लक्ष नसताना,
ती मान वळवून दाराकडे बघते.
दीड सेकंद.
दारात कुणी नसतं.

अकराव्या भागात डॉक्टर ऑडेल एका दारात थांबते,
आत बघते. आत कोण,
ते कॅमेऱ्यानं दाखवलंच नाही.

या दोन नजरांमध्ये पाच महिने होते,
दोन दिग्दर्शक,
आणि साबणाच्या किती जाहिराती कोण जाणे.
आम्ही त्या शेजारी शेजारी ठेवल्या.
आम्ही एवढंच केलं. बाकीचं त्या दोघींनी केलं.

एवढंच, म्हणजे:
रेकॉर्डचं बटण दाबलं की यंत्र आधी मागे सरकायचं
आणि आधीच्या तुकड्याचं शेपूट खाऊन टाकायचं.
पुस्तिकेत याचा उल्लेख नव्हता.
व्हर्नानं शोधून काढलं. दिवसा ती फाउंड्रीत
चारशे माणसांचे पगार जुळवायची,
सेंटचा फरक राहिला तर जेवायची नाही.
"सात फ्रेम," ती म्हणाली.
मग प्रत्येक तुकडा सात फ्रेम लांब ठेवायचा,
जाणारच हे धरून.
शिवणीत सोडतात ना जादा कापड, माया म्हणतात त्याला,
तेवढी.

पॉजवर यंत्र पाच मिनिटं धीर धरायचं, मग आपणहून बंद.
पाच मिनिटांत ठरवायचं: मान वळताना कापू, की वळल्यावर?
डॉटीचा आणि माझा यावर अबोला झाला होता, पूर्ण लेंटभर.
एकसष्ट तुकडे. पन्नासावा चुकला
की पहिल्यापासून.
गाणं सगळ्यात शेवटी चढवायचं, एका दमात,
आणि तोवर ते डोक्यात धरून ठेवायचं,
भरलेलं ताट जिन्यावरून नेतात तसं.

कॅलमझूच्या हॉटेलात, खोली दोनशे चौदा,
तीस बायका गालिच्यावर, पलंगावर, टबच्या काठावर.
ताव्हियानं मान वळवली. दारात ऑडेल होती.
मागून कुणीतरी फक्त "हो" म्हणालं,
जणू इतके दिवस तिलाच कुणी विचारत होतं.

मग कोऱ्या टेप यायला लागल्या, परतीची तिकिटं लावून.
प्रतीची प्रत, तिची प्रत.
सहाव्या हाताला ताव्हियाचा चेहरा धुऊन निघालेला,
तरी मान वळली की कळायचं.

माझी भाची हे आता फोनवर करते, बसमध्ये, दोन थांब्यांत.
फार सुंदर करते. मी तिला सात फ्रेमचं सांगितलं
तर म्हणाली, "बिचारं यंत्र."

व्हर्ना मार्चमध्ये गेली.
तिच्या मुलानं खोकं आणून दिलं, फाउंड्रीचा शिक्का असलेलं.
एका टेपवर तिच्या अक्षरात: बिघडलेली, पुसून वापरणे.
गाणं चढवताना माइक उघडा राहिला होता.
चित्र बरोबर चाललंय, आणि गाण्याच्या अंगावर
डॉटीची शिंक, ड्रायरमध्ये फिरणारं एक बटण,
मी म्हणतेय, "थांब, थांब, थांब,"
आणि व्हर्ना, अजिबात न थांबता,
दबक्या आवाजात मोजतेय.

पाच. सहा.

माझा अंगठा खुर्चीच्या हातावर दाबला गेला.
वेळेवर.